सिरॅमिक कंपोझिटवरचं कोटिंग: सोलापुरात बसून सुरुवात कशी करायची

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी, मटेरियल्सकडे ओढा असलेली मुलंमुली. दुसरी, चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत रोज भट्टीशी झगडणारी मंडळी. विमानाच्या जेट इंजिनात आणि गॅस टर्बाइनमध्ये आता सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांनी विणलेलं आणि सिलिकॉन कार्बाइडनेच भरलेलं कंपोझिट वापरतात. त्याला सीएमसी (सिरॅमिक मॅट्रिक्स कंपोझिट) म्हणतात, आणि त्यावरच्या संरक्षक लेपाला ईबीसी (एन्व्हायर्नमेंटल बॅरियर कोटिंग). २०१६ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या लीप इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीची कडी, म्हणजे श्राउड, याच मालाची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ए३२० निओ विमानांना हेच इंजिन असतं.

वजन हे त्याचं मोठं कारण. निकेलच्या सुपरअलॉयची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची, घनता घन सेंटिमीटरला साधारण ८ ते ८.५ ग्रॅम, तर सिलिकॉन कार्बाइडची ३.२. शिवाय निकेल जिथे मऊ पडायला लागतं तिथे हे ताठ उभं असतं. मग त्यावर लेप कशाला?

नवीन माणूस पहिली गफलत इथेच करतो. त्याला वाटतं लेप उष्णता अडवण्यासाठी असतो. निकेलच्या पात्यांवरचा झिर्कोनियाचा लेप खरंच त्यासाठी असतो. सीएमसीवरच्या लेपाचं मुख्य काम वेगळं आहे: वाफ अडवणं. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर पुढची निवड सगळी चुकते.

पायरी १: माल नेमका कशाने झिजतो ते समजून घ्या

कोरड्या हवेत सिलिकॉन कार्बाइड तापवलं की पृष्ठभागावर सिलिकाचा पातळ थर धरतो. तो ऑक्सिजनला आत शिरू देत नाही, त्यामुळे ऑक्सिडेशन हळूहळू मंदावतं. भट्टीतले सिलिकॉन कार्बाइडचे हीटिंग रॉड लाल होऊनही इतके टिकतात ते याच थरामुळे.

पण ज्या इंधनात हायड्रोजन आहे ते जाळलं की पाणी तयार होणारच. केरोसीन घ्या, नैसर्गिक वायू घ्या, ज्वलनाच्या वायूत ५ ते १० टक्क्यांच्या घरात वाफ असते. तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ही वाफ सिलिकाशी अभिक्रिया करून सिलिकॉन हायड्रॉक्साइड बनवते, आणि ते वायूरूप असल्यामुळे झोताबरोबर निघून जातं. थर बनतो, उडतो, पुन्हा बनतो, पुन्हा उडतो. भाग कुठे फुटत नाही, वितळत नाही, नुसता बारीक होत जातो. नासाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात हे नीट मोजलं गेलं आणि मग लेपांच्या संशोधनाला खरा जोर आला.

झिजण्याच्या वेगाचं एक सूत्र पाठ करून ठेवा. प्रवाह संथ आणि थराथराने सरकणारा (लॅमिनार) असेल तर झीज वायूच्या वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, वाफेच्या आंशिक दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि एकूण दाबाच्या वर्गमुळाने कमी होते. वेग दुप्पट केला तर झीज १.४ पट. वाफेचं प्रमाण दुप्पट केलं तर ४ पट. आणि वाफेची टक्केवारी तीच ठेवून एकूण दाब १० पट केला तर झीज ३० पटीच्या वर जाते. उघड्या भट्टीत ठणठणीत राहिलेला तुकडा इंजिनात का टिकत नाही, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

लेपाने काय फरक पडतो याचं जुनं पण बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या सोलर टर्बाइन्स कंपनीच्या औद्योगिक गॅस टर्बाइनचं. ज्वलनकक्षाचं सीएमसी अस्तर लेपाशिवाय सुमारे ५ हजार तास चाललं. लेप दिल्यावर तशाच प्रकारचं अस्तर सुमारे १४ हजार तासांपर्यंत गेलं.

पायरी २: तुमच्या वातावरणाची यादी करा

वाफ सगळीकडे असतेच. तिच्या जोडीला काय आहे ते लिहून काढा.

धूळ. हवेतली वाळू, माती, ज्वालामुखीची राख इंजिनात गेली की तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचे ऑक्साइड मिळून १२०० अंशांच्या आसपास काचेसारखा रस तयार होतो. या क्षेत्रातले लोक त्याला सीमॅस म्हणतात. तो लेपाच्या छिद्रांत झिरपतो, थंड झाल्यावर गोठतो आणि लेपाला आतून उचकटतो. सोलापूरची काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून झाली आहे. बेसाल्टमध्ये हे चारही ऑक्साइड आहेत, वर लोहही भरपूर. म्हणजे सीमॅसचा प्रयोग करायचा तर कच्चा माल आपल्या पायाखालीच आहे. माती वाळवा, चाळा, ९०० अंशांवर भाजून त्यातली सेंद्रिय द्रव्यं आणि कार्बोनेट काढा, आणि लेपावर मोजून पसरवा. बाहेरच्या शोधनिबंधांत वाळवंटी धुळीची ठरावीक रचना वापरलेली दिसते. आपल्या मातीचं लोह आणि कॅल्शियम वेगळं पडतं, आणि कॉलेजच्या प्रकल्पाला नवीन काही सांगण्यासारखं हवं असेल तर ते इथे आहे.

क्षार. सोडियम सल्फेट ८८४ अंशांना वितळतं. समुद्राच्या हवेतलं मीठ आणि इंधनातलं गंधक यांच्यापासून ते बनतं, आणि वितळलं की सिलिकाला विरघळवून सोडियम सिलिकेट करतं. सोलापूरला समुद्र नाही, पण साखर कारखान्यांत बगॅस जळतो आणि त्याच्या राखेत सिलिकाबरोबर पोटॅशियम असतं. तेही तसाच उपद्रव करतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कारखान्याच्या बॉयलरला किंवा फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या ६६० मेगावॉटच्या संचांना ईबीसी लागत नाही. तिथल्या सुपरहीटर नळ्या धातूच्या आहेत आणि वाफेचं तापमान ६०० अंशांच्या आसपास किंवा खालीच राहतं. राखेने नळी खाल्ली तर उपाय धातूचे आहेत: चांगली मिश्रधातू, वेल्डचा थर, क्रोमियम कार्बाइडचा फवारा. ‘आमच्या बॉयलरला विमानाचं कोटिंग मारून द्या’ म्हणणारा माणूस भेटला तर त्याचे पैसे वाचवा.

पायरी ३: खालचा माल ओळखा

शिकण्यासाठी खरं कंपोझिट विकत घेऊ नका. ते महाग आहे आणि सहज मिळतही नाही. साधं, अखंड सिलिकॉन कार्बाइड घ्या. पंपाच्या मेकॅनिकल सीलमध्ये त्याची रिंग असते, आणि डाइंग युनिट असो की साखर कारखाना, पंप सगळीकडे आहेत. बदललेल्या सीलची रिंग मेंटेनन्सवाल्याकडे मागा. फक्त विचारून घ्या की ती सिंटर्ड (पावडर भाजून घट्ट केलेली) आहे की रिअॅक्शन बाँडेड (वितळलेलं सिलिकॉन मुरवून केलेली). दुसऱ्या प्रकारात मोकळं सिलिकॉन शिल्लक असतं आणि ते १४१४ अंशांना वितळतं. अशी रिंग १३५० च्या वर नेऊ नका; सिलिकॉन वितळलं तर तिला घाम फुटल्यासारखे थेंब येतील.

खऱ्या सीएमसीत आणखी एक नाजूक जागा असते. प्रत्येक धाग्यावर बोरॉन नायट्राइडचं जेमतेम मायक्रॉनभर आवरण असतं. त्यामुळेच भेग धाग्यापाशी येऊन वळते आणि भाग काचेसारखा एकदम फुटत नाही. लेपाला तडा गेला, त्यातून वाफ आणि ऑक्सिजन आत गेले, की हे आवरण ७०० ते ९०० अंशांच्या मधल्या तापमानालाच खाल्लं जातं. मग धागा आणि भराव एकमेकांना घट्ट चिकटतात आणि कंपोझिटचा चिवटपणा जातो. अखंड रिंगवरचे निष्कर्ष सीएमसीला जसेच्या तसे लावू नयेत ते यासाठी.

पायरी ४: प्रसरणाचं गणित करा, मगच पावडरचं नाव काढा

गोधडीच्या वरचं कापड आणि आतलं अस्तर वेगवेगळं आटत असेल तर पहिल्या धुण्यातच ती चुरमडते. लेपाचंही तसंच. फरक एवढाच की सिरॅमिक चुरमडत नाही, तडकतं.

प्रसरण गुणांक दर अंशाला दहा लाखांत किती, या हिशेबाने लिहितो. सिलिकॉन कार्बाइड ४.५ ते ५. सिलिकॉन ३.५ ते ४.५. मुलाइट (ॲल्युमिना आणि सिलिका यांचं संयुग) ५ ते ५.५. यटर्बियम डायसिलिकेट (यटर्बियम ऑक्साइड आणि सिलिका यांचं संयुग) ४ ते ५. यटर्बियम मोनोसिलिकेट (तेच, पण सिलिका कमी) ७ ते ८. ॲल्युमिना ८ च्या आसपास. यट्रियाने स्थिर केलेला झिर्कोनिया १० ते ११.

आता १०० मिलिमीटर लांबीचा भाग १३०० अंशांनी तापवा. सिलिकॉन कार्बाइड सुमारे ०.६ मिलिमीटर वाढेल, झिर्कोनिया सुमारे १.४. थंड होताना झिर्कोनियाला जास्त आकसायचं असतं, पण खालचा माल त्याला आकसू देत नाही. लेप ताणात येतो आणि उभ्या भेगा पडतात. त्या भेगा म्हणजे वाफेला मोकळी वाट. धातूवर उत्तम चालणारा झिर्कोनिया इथे थेट चालत नाही तो एवढ्यासाठी. कागदावर पाच मिनिटांत होणारं हे गणित न करता महागडी पावडर मागवणारे प्रकल्प दिसतात, म्हणून ही पायरी वेगळी काढली.

पायरी ५: थर ठरवा

लेप एकाच थराचा क्वचित असतो. सगळ्यात खाली बाँड कोट, बहुतेक वेळा शुद्ध सिलिकॉनचा, साधारण १०० मायक्रॉन. तो वरच्या थराला धरून ठेवतो आणि आत झिरपलेला ऑक्सिजन स्वतःवर घेऊन सिलिका बनवतो. त्याची मर्यादा तुम्हाला आता माहीत आहे: १४१४ अंश. प्रत्यक्षात त्याच्या बरंच खाली थांबावं लागतं. त्याहून गरम जागेसाठी हाफ्नियम ऑक्साइड मिसळलेले बाँड कोट अभ्यासले जातात.

वरच्या थराचा इतिहास थोडक्यात असा. आधी प्लाझ्माने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतात पावडर वितळवून, फवारलेला मुलाइट आला. प्रसरण जवळचं, पण फवारताना तो झटकन थंड होऊन काचेसारखा अस्फटिक राहायचा, नंतर तापला की स्फटिक बनताना तडकायचा. तुकडा आधी तापवून मग फवारल्यावर हा प्रश्न बराच सुटला. पण वाफ मुलाइटमधलं सिलिका काढून नेते आणि मागे ॲल्युमिनाची सच्छिद्र जाळी उरते. मग बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट आलं. ते वाफेला जास्त टिकतं, मात्र सिलिकाबरोबर १३०० अंशांच्या आसपास वितळायला लागतं. आजचे लेप दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या सिलिकेटचे आहेत, आणि त्यांत यटर्बियम डायसिलिकेट पुढे आहे. कारण साधं आहे: यट्रियमचं डायसिलिकेट तापमानाप्रमाणे स्फटिकरचना बदलतं, यटर्बियमचं बदलत नाही.

मोनोसिलिकेट वाफेला डायसिलिकेटपेक्षा जास्त टिकतं, पण त्याचं प्रसरण जास्त. डायसिलिकेटचं प्रसरण बरोबर जुळतं, पण वाफ त्यातलं सिलिका हळूहळू नेते. सीमॅसशी गाठ पडली तर दोन्ही अभिक्रिया करून ॲपेटाइट (कॅल्शियम आणि यटर्बियमचं स्फटिकरूप सिलिकेट) बनवतात. काही वेळा तो थर रसाला रोखतो, काही वेळा नुसता लेप खात जातो. कुठल्या लेपाला काय होईल हे धुळीच्या रचनेवर ठरतं, म्हणून पायरी २ मधली यादी इथे पुन्हा बाहेर काढायची. सगळ्या गोष्टींत पहिला नंबर येणारा लेप मला अजून तरी दिसलेला नाही.

नवशिक्याने मात्र सुरुवात मुलाइटने करावी असं माझं ठाम मत आहे. स्वस्त आहे, पावडर मिळते, प्रसरण जवळचं आहे, आणि तो कसा हरतो हे पाहण्यात शिकायला भरपूर आहे. यटर्बियमची पावडर महाग, ती हात बसल्यावर.

पायरी ६: घोल लावून पहिला नमुना करा

प्लाझ्मा गन नसेल तर अडून बसू नका. घोलाचा लेप कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो.

रिंगचे तुकडे डायमंड कटरने कापा आणि धारदार कडा घासून गोल करा. लेप सर्वात आधी कडेलाच सुटतो, कारण तिथे ताण एकवटतो. तुकडे ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनरने धुवा, वाळवा, मग हाताने धरू नका. घामातल्या सोडियमने सिलिकाचा थर बिघडतो.

मुलाइटची बारीक पावडर इथेनॉलमध्ये घ्या, पावडर चिकटून राहावी म्हणून थोडं पीव्हीबी बाइंडर घाला आणि बॉल मिलमध्ये रात्रभर फिरवा. तुकडा बुडवून सावकाश, एका वेगाने वर काढा. पातळ थर देऊन, वाळवून, पुन्हा बुडवणं हे एकदम जाड थर देण्यापेक्षा केव्हाही बरं. जाड थर वाळतानाच तडकतो. मे महिन्यात सोलापुरात इथेनॉल बघता बघता उडतं, त्यामुळे तुकडा झाकणाखाली वाळवा, नाहीतर भट्टीचं तोंडही न पाहता लेपाला चिरा पडतील.

भाजताना ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढा, म्हणजे बाइंडर हळू जळून जाईल. पुढे वेग वाढवला तरी चालतं. नुसता मुलाइट १४०० अंशांखाली नीट घट्ट होत नाही, सच्छिद्र राहतो. पहिल्या नमुन्यात ते चालवून घ्या, पण नोंदवहीत लिहून ठेवा, कारण निकाल वाचताना तेच आडवं येणार.

सिलिकाची आणि सिलिकॉन कार्बाइडची बारीक धूळ फुफ्फुसाला घातक आहे. पावडर हाताळताना आणि तुकडे कापताना एन९५ मास्क लावा, कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. सिलिकॉनची बारीक पावडर पेट घेऊ शकते. या दोन बाबतींत घाई नको.

पायरी ७: फवारणी करून घ्यायची असेल तर

पुण्याकडे थर्मल स्प्रेचं जॉबवर्क होतं, आणि हैदराबादच्या बाळापूरमधल्या एआरसीआय या केंद्रात अशा लेपांवर संशोधन होतं. सोलापूर दोन्हींच्या मध्ये आहे, ही आपली सोय. जॉबवर्कवाल्याचा हात मात्र धातूवर बसलेला असतो, म्हणून आधीच बोलून घ्या. ग्रिट ब्लास्टिंगचा (पृष्ठभाग खरबरीत करायला मारलेल्या कणांच्या झोताचा) दाब कमी ठेवायला सांगा, नाहीतर कंपोझिटचे वरचे धागेच तुटतात. तुकडा आधी किती तापवता येईल ते विचारा. आणि डायसिलिकेट फवारायचं असेल तर लक्षात ठेवा: प्लाझ्माच्या उष्णतेत त्यातला काही सिलिका उडून जातो, आणि लेपात मोनोसिलिकेटचे पट्टे उतरतात. पावडरच्या डब्यावर लिहिलेली रचना आणि लेपाची रचना एकच असेल असं धरून चालू नका. लेपात कोणती संयुगं आहेत ते कळण्यासाठी एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्या.

पायरी ८: वाफेची चाचणी

या क्षेत्रात वारंवार वापरली जाणारी चाचणी अशी: ९० टक्के वाफ, १० टक्के ऑक्सिजन, सुमारे १३१६ अंश, एक तास गरम आणि मग थोडा वेळ बाहेर थंड, असं शेकडो वेळा. तेवढी सोय नसली तर ट्यूब भट्टीतून हवा आणि वाफ सोडा. पाण्याच्या बाटलीतून हवेचे बुडबुडे काढायचे आणि पाणी ८२ अंशांना स्थिर ठेवायचं, म्हणजे निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास वाफ येते. बाटलीपासून भट्टीपर्यंतची नळी हीटिंग टेपने गरम ठेवा, नाहीतर वाफ वाटेतच पाणी होऊन बसेल. पाणी डीआयनाइज्डच हवं. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार थेंबांबरोबर उडून नमुन्यावर बसतात आणि भलतीच चाचणी होते.

ॲल्युमिनाच्या ट्यूबकडेही संशयाने बघा. गरम वाफेत तिच्यातली अशुद्धी नमुन्यापर्यंत पोचते आणि ऑक्सिडेशनचा वेग वाढवते. क्वार्ट्झची ट्यूब स्वच्छ असते, पण १२०० अंशांच्या आसपास तिची हद्द संपते.

आणखी एक मर्यादा. अशा भट्टीत वायू सेकंदाला काही सेंटिमीटर सरकतो, इंजिनात शेकडो मीटर. पायरी १ चं सूत्र पाहा: तुमच्या नमुन्याची झीज जवळजवळ दिसणारच नाही. ही चाचणी लेपाखाली किती ऑक्सिडेशन होतं ते सांगते. वरून किती उडतं ते सांगत नाही. त्यासाठी वेगवान ज्योतीची बर्नर रिग लागते.

पायरी ९: वजनावर विसंबू नका, कापून बघा

सिलिका बनताना वजन वाढतं, उडताना घटतं. दोन्ही एकाच वेळी चालू असल्यामुळे काट्यावर शून्य फरक दिसूनही आत बरंच काही घडलेलं असू शकतं. म्हणून नमुना रेझिनमध्ये बसवा, उभा कापा, पॉलिश करा आणि मायक्रोस्कोपखाली बाँड कोट आणि वरचा थर यांच्यामधली (बाँड कोट नसेल तर रिंग आणि लेप यांच्यामधली) सिलिकाची रेघ मोजा. कापताना नवीन भेगा पडू नयेत म्हणून रेझिन आधी निर्वातात मुरवा.

त्या रेघेवर सगळं लक्ष द्या. ती सिलिका क्रिस्टोबलाइट या रूपात असते आणि थंड होताना २२० ते २७० अंशांच्या दरम्यान तिची रचना बदलून आकारमान चार-पाच टक्क्यांनी आकसतं. दर वेळी भट्टी थंड झाली की ती थोडी तडकते. रेघ पातळ असेल तोवर लेप सांभाळून घेतो. ती २० ते ३० मायक्रॉनपर्यंत वाढली की लेप पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. भेगा नुसत्या उभ्या आहेत की त्या बाँड कोटपाशी वळून आडव्या धावत आहेत, तेही पाहा. आडवी भेग दिसली की त्या नमुन्याचे दिवस भरले.

मोजमाप एका फोटोवर करू नका. मध्यभाग, कड आणि मधली जागा अशा तिन्हींकडून फोटो घ्या आणि रेघेची जाडी तासांच्या वर्गमुळासमोर आलेखावर मांडा. आलेखाची रेषा सरळ आली तर ऑक्सिजन लेपातून संथपणे झिरपतोय. मध्येच वर वळली तर तिथे लेपाला वाट फुटलेली आहे, आणि नेमक्या त्या तासांचा नमुना पुन्हा कापून बघायला हवा.

वाचनासाठी नासाचे तांत्रिक अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यात लेपाचं नाव न शोधता आधी वाफेने होणारी झीज शोधा. मोठ्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवताना सोबत एका पानावर एवढं लिहा: खालचा माल कोणता, थरांची जाडी, भाजण्याचं तापमान आणि वेळ, वाफेचं प्रमाण, किती तास आणि किती वेळा थंड केलं. पाकिटात चाचणीआधीचा, लेप दिलेला पण न तापवलेला एक तुकडाही ठेवा. तुलनेसाठी तो मागतातच.